सिंगर मशीन, सातवा रविवार : खर्चाची वही

आज दुपारी मशीन शिवायला लागली. मांजरपाटाच्या तुकड्यावर वीतभर सरळ टीप पडली, खाली दोऱ्याचा गुंता नाही. मागच्या रविवारपर्यंत दर तीन टाक्यांना दोरा तुटत होता. जुन्या शटलच्या, म्हणजे खालचा दोरा धरून पुढेमागे पळणाऱ्या भागाच्या, टोकाला गंजाने खड्डे पडले होते आणि दोरा तिथेच अडकत होता. पॉलिश पेपरने घासून पाहिलं, शेवटी दुसरं शटल मागवलं. या मॉडेलला होडीसारखं लांब शटल लागतं, हल्लीचं गोल बॉबिन चालत नाही. सुई मात्र बाजारातली साधीच बसते.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हातचाकाची ही सिंगर मला आर्वीच्या एका भंगारवाल्याकडे 900 रुपयांना मिळाली. मशीनवरचा नंबर 'वाय'ने सुरू होतो, म्हणजे ती स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातली, साधारण 1920 ते 1935च्या काळातली. आतलं तेल सुकून डिंक झालं होतं. तीन दिवस रॉकेलमध्ये भिजवल्यावर चाक हललं.

भाचा शेजारी बसून पाहत होता. टीप पडली तसं त्याने विचारलं, "मामा, आता हे कितीले जाईन?" टीव्हीवर त्याने पाहिलंय, गंजलेली वस्तू आत जाते, चकाचक होऊन बाहेर येते आणि कोणीतरी मोठा आकडा सांगतो. त्याला उत्तर द्यायचं म्हणून वही उघडली.

मशीन 900. रॉकेल, तेल, ब्रश 180. शटल 350. सुया, बॉबिन 240. निकेलचा मुलामा 1,100, कारण नागपूरचा निकेलवाला चार तुकड्यांसाठीही पूर्ण घाण्याचेच पैसे धरतो. पॉलिशची लाख आणि स्पिरिट 260. नागपूरच्या दोन खेपांचं एसटी भाडं 640. झाले 3,670. माझे 48 तास गेले. 500 रुपये रोजाने धरले तरी सहा दिवसांचे 3,000. एकूण 6,670.

गावातल्या टेलरकाकांना दाखवली. त्यांनी चाक फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाले, "मशीन एक नंबर हाय, पन इकाची झाली तर अडीच हजाराच्या वर कोनी देनार नाही."

काकांचा भाव खरा आहे. 1913 साली क्लाइडबँकच्या त्या एकाच कारखान्यातून 13 लाखांच्या आसपास मशिनी बाहेर पडल्या. आपल्याकडेही जुन्या घरांच्या माळ्यावर त्या सापडतात. जुनी असणं वेगळं आणि दुर्मिळ असणं वेगळं, आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमांत हा फरक क्वचितच नीट सांगतात.

2010 साली सुरू झालेलं, जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या लास व्हेगासच्या दुकानावरचं 'अमेरिकन रिस्टोरेशन' मी हिंदीत आवडीने पाहायचो, हात तिथूनच शिवशिवायला लागले. पण तिथे कारागिरांची अख्खी टोळी असायची, सँडब्लास्टिंग (वाळूच्या फवाऱ्याने गंज काढणं), रंगकाम सगळं हाताशी. आठवड्यांचं काम काही मिनिटांत दिसायचं, त्यामुळे मजुरी डोळ्यांत भरायचीच नाही. मला त्यापेक्षा गहाणवटीच्या दुकानावरचं 'पॉन स्टार्स' जास्त खरं वाटतं. तज्ज्ञाने किंमत सांगितल्यावरही दुकानदार बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास देऊ करतो, कारण त्याला जागा, वेळ आणि नफा काढायचा असतो. विम्यासाठीची किंमत, लिलावातली किंमत आणि दुकानदार हातात देतो ते पैसे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि 2017 पासूनच्या बीबीसीच्या 'रिपेअर शॉप'मध्ये तर वस्तूच्या मालकाकडून पैसेच घेत नाहीत. तिथे माणूस आजीच्या घड्याळाकडे बघून रडतो, आणि मला तेच पटतं.

अजून एक, नव्याने हात घालणाऱ्यांनी हे जपा. या मशिनींवरची सोनेरी नक्षी लाखेच्या थराखाली असते आणि लाख स्पिरिटने विरघळते. पहिल्याच रविवारी मी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि एक अख्खी पाकळी कापसावर आली. ती परत येणार नाही. आता फक्त मशीनच्या तेलाने, हलक्या हाताने पुसतो. टीव्हीवर जुना रंग पूर्ण उतरवून नवा चढवतात, पण जाणकार संग्राहकाला मूळ नक्षीच हवी असते. नवीन रंगाने मशीन चमकेल, भाव पडेल.

समोरच्या उजव्या कोपऱ्यात नक्षी पुसटली आहे. कोणी तरी वर्षानुवर्षं तिथूनच कापड सरकवलं असणार. तो भाग मी तसाच ठेवला.

लाकडी पेटीचं लाखेचं पॉलिश बाकी आहे. सध्याच्या दमट हवेत पॉलिशचा हात मारला तर लाख पांढरी पडते, म्हणून दसऱ्यानंतर. तोवर भाच्याने त्याच्या फाटलेल्या दप्तराचा पट्टा आणून ठेवलाय.