दमट हवेत धावून ग्लानी आली, तर पुढचे दोन दिवस

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे तयारीतले लांब पल्ले ऑक्टोबरातच सुरू होतात. पाऊस ओसरलेला, ऊन तापायला लागलेलं आणि हवा मात्र अजून ओलीच. मरीन ड्राइव्हवर पहाटे साडेपाचला निघालेला माणूस सात-सव्वासातला कठड्यावर बसतो. घामाने निथळतोय, चेहरा पांढरा पडलाय, मळमळतंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ही उष्णतेने आलेली ग्लानी. सोबतचे पाणी पाजतात, पंधरा-वीस मिनिटांत त्याला बरं वाटतं, तो स्कूटरवर बसून घरी जातो आणि मंगळवारी पुन्हा धावायला हजर होतो. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत. बरं वाटणं आणि बरं होणं यांत साधारण दोन दिवसांचं अंतर असतं, आणि ते अंतर भरायचं कसं हे फारसं कुणी सांगत नाही.

‘ऊनच नव्हतं, मग त्रास कसा झाला?’ हा पहिला प्रश्न असतो. हिशेब करून बघू. ६० किलो वजनाचा माणूस १० किलोमीटर धावला की साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातला पाऊण भाग, म्हणजे साडेचारशेच्या आसपास, निव्वळ उष्णता म्हणून शरीरात तयार होतो. या माणसाचं तापमान एक अंशाने चढायला जेमतेम ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे शंभरेक किलोकॅलरी आत अडकून राहिल्या, तर ३७चे ३९ झालेच. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, पण तो वाळला तर. अंगावरून टपटप गळून गेलेला घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळजवळ काहीच नेत नाही. किनारपट्टीवर पहाटे सापेक्ष आर्द्रता दिवसातली सर्वांत जास्त असते, बऱ्याचदा ८५-९० टक्के. तापमान २६ दिसतं म्हणून माणूस निर्धास्त असतो. हवामान खात्याचा इशारा येण्याचाही प्रश्न नसतो, कारण किनारपट्टीवर उष्णतेची लाट धरायला कमाल तापमान निदान ३७ अंश लागतं.

इकडे हृदयाची ओढाताण चाललेली असते. स्नायूंना रक्त हवं, गार करण्यासाठी त्वचेलाही हवं, आणि घामावाटे रक्तातलं पाणी तर कमी होत चाललंय. माणूस एकदम थांबला की पोटऱ्यांचं आकुंचन थांबतं, रक्त पायांत साचतं, दाब घसरतो आणि चक्कर येते. म्हणून शक्य असेल तोवर एकदम उभं राहू नये, दोन-चार मिनिटं चालत राहावं. चालवत नसेल तर सरळ आडवं व्हावं. कठड्यावर बसवून ठेवणं त्यातल्या त्यात वाईट.

मदत करणाऱ्याने सगळ्यात आधी बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. आज वार कोणता, कुठून धावायला सुरुवात केली, वीसपासून उलटे आकडे म्हण. उत्तरं अडखळली, माणूस चिडचिड करायला लागला, असंबद्ध बोलला, झोकांड्या खाऊ लागला किंवा फिट आली, तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, ही समजूत जीवघेणी आहे. व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात बहुतेकदा भरपूर घाम असतो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे काही जण मध्येच काही मिनिटं नीट बोलतात आणि मग कोसळतात. कपाळासमोर धरायच्या बंदुकीसारख्या किंवा कानातल्या थर्मामीटरवर अशा वेळी विसंबू नये, ओल्या आणि वाऱ्याने गार झालेल्या कातडीवर ते कमी आकडा दाखवतात. अशा माणसाला जागच्या जागी गार करायला घ्यायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करायचा. मानेपर्यंत थंड पाण्यात बसवता आलं तर सर्वांत उत्तम, डोकं मात्र कुणीतरी धरून ठेवायला हवं. टब नसेल तर बर्फाचं पाणी सतत ओतत राहायचं. तापमान अर्ध्या तासाच्या आत खाली आलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते, म्हणून गाडीची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडावाटे पाण्याचा थेंबही नको.

शुद्ध चोख असेल, तर पुढचं सगळं जागेवरच करता येतं. सावलीत, शक्य असेल तर एसीच्या जागी न्या. बूट, मोजे, घट्ट टी-शर्ट, पट्टा, सगळं काढा. पाठीवर झोपवून पाय वीतभर ते फूटभर उंच ठेवा, बॅगेवर टेकवले तरी चालतील. मग पाणी आणि वारा, दोन्ही एकत्र. दमट हवेत नुसतं ओलं करून भागत नाही, कारण अंगालगतची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. ती हटवायला जोराचा वारा लागतो. पुठ्ठा, वर्तमानपत्र, टेबलफॅन, जे मिळेल ते. त्याहून खात्रीचे म्हणजे बर्फाच्या पाण्यातले पंचे. बादलीत पाणी आणि बर्फ घ्या, पाच-सहा पंचे बुडवा, पिळा आणि डोकं, मान, छाती, पोट, काखा, मांड्या जेवढ्या झाकतील तेवढ्या झाका. दोन-तीन मिनिटांत पंचा अंगाच्या उष्णतेने कोमट होतो. तो तसाच राहिला तर उलट पांघरुणासारखा उष्णता कोंडतो, म्हणून लगेच बदलायचा. इथेच बहुतेक जण चुकतात: कपाळावर एक ओली पट्टी ठेवून मोकळे होतात.

‘तापलेल्या अंगावर थंड पाणी टाकू नये’ असं घरातली मोठी माणसं हमखास सांगतात. त्यांची काळजी खरी असते, पण इथे ते ऐकायचं नाही. शुद्धीवरच्या, व्यायामाने तापलेल्या माणसाला थंड पाण्याने फायदाच होतो. हुडहुडी भरायला लागली की थांबायचं.

आता पिण्याचं. पहिली पाच-दहा मिनिटं काही पाजायची घाई नको, आधी अंग गार होऊ द्या. मळमळ ओसरली की ओआरएस, दर दहा-पंधरा मिनिटांनी १५० ते २०० मिलिलिटर, घोट घोट. उलटी होत असेल तर दर दोन मिनिटांनी एक-दोन चमचे. तेही टिकत नसेल तर वेळ घालवू नका, सलाइन लावावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. हे प्रमाण नेमकं जुळलेलं आहे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढतात. म्हणून एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात ‘कडक’ करून पाजणं साफ चूक, त्याने पोट आणखी बिघडतं. छोटी पाकिटं २०० मिलिलिटरची असतात, मोठी लिटरची. पाकिटावर वाचूनच पाणी घ्या. तयार डब्यांतल्या गोड पेयांपासून सावध राहा. त्यांच्यावर ओआरएस लिहायचा प्रकार इतका वाढला होता की सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर तो शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२५च्या ऑक्टोबरात मनाई केली. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. लिंबू चवीपुरतं.

शहाळ्यावर आपला फार विश्वास. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण घामातून गेलेलं मुख्यतः सोडियम, आणि ते त्यात कमी असतं. म्हणून शहाळं प्या, पण त्याच्या जोडीला काहीतरी खारट खा. कोकम सरबत आणि पन्हं चांगलंच, फक्त मीठ हात आखडून घालू नका. माझ्या मते या सगळ्यांत सरस आहे ती कोकणातली पेज. उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड. पिष्टमय पदार्थ, मीठ, पाणी, सगळं एकाच वाडग्यात, आणि मळमळलेल्या पोटालाही ती सोसते.

नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पाजणं हा मात्र धोका आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, पुढे गुंगी येते. लक्षणं वरवर तीच दिसतात म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. ओळखायची खूण वजन. धावण्याआधीपेक्षा वजन वाढलं असेल तर पाणी कमी पडलेलं नाही, जास्त झालंय. अशा माणसाला पाणी थांबवून थेट दवाखान्यात न्यायचं.

अर्ध्या तासात स्पष्ट सुधारणा हवी. नसेल तर रुग्णालय. सुधारणा असेल तर घरी जाण्याआधी एक तपासणी करा: पाच मिनिटं पडून नाडी मोजा, मग एक मिनिट उभं राहून पुन्हा मोजा. फरक मिनिटाला ३०पेक्षा जास्त असेल किंवा चक्कर येत असेल, तर शरीरात पाणी अजून अपुरं आहे, आणखी पडून राहा. घरी जाताना स्वतः गाडी चालवायची नाही. सिग्नलला घेरी आली तर काय होईल याचा विचार करा.

घरी गेल्यावर वजन करा. धावण्याआधीचं वजन माहीत असेल तर जितके किलो कमी, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पेय पुढच्या चार-सहा तासांत, जेवणाबरोबर विभागून. दीड किलो घटलं असेल तर साधारण दोन ते सव्वादोन लिटर. दीडपट का, तर प्यालेल्यातलं काही लघवीवाटे जातंच. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल घेऊ नका. हा ताप नव्हे, मेंदूने तापमानाची पातळी मुद्दाम वाढवलेली नसते, त्यामुळे गोळीने ते उतरत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तर आणखी वाईट, कारण पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर घाव घालतात. दारू दोन दिवस नाही. रात्री गार खोलीत झोपा. उकाड्यात तळमळत काढलेली रात्र म्हणजे भरपाई अर्धीच.

लघवीवर नजर ठेवा. संध्याकाळपर्यंत ती फिक्या लिंबू-सरबताच्या रंगाची व्हायला हवी. चहासारखी तपकिरी दिसली, किंवा मांड्या-पोटऱ्या नेहमीच्या दुखण्यापेक्षा फार जास्त दुखत, सुजत असतील, तर स्नायू तुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीके (स्नायूंसाठी) आणि सोडियम तपासून घ्या.

पुढचे २४ ते ४८ तास व्यायाम बंद. चालणं नाही, योगासनं नाहीत, ‘थोडंसं जॉगिंग’ तर नाहीच. रक्तातलं पाणी भरून आलं तरी उष्णता सांभाळण्याची ताकद लगेच परतत नाही, आणि या काळात दुसऱ्यांदा त्रास झाला तर तो उष्माघाताकडे सरकायला वेळ लागत नाही. पोलीस भरतीची १६०० किंवा ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हे पटवणं सर्वांत अवघड जातं, कारण तारीख तोंडावर असते. पण दोन दिवसांच्या विश्रांतीने वेळ बिघडत नाही, हे त्यांच्या प्रशिक्षकांनीच सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळचं वजन आणि पडून मोजलेली नाडी नेहमीइतकी असेल, तर अर्धा तास चालणं. चौथ्या-पाचव्या दिवशी नेहमीच्या निम्मं अंतर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. लांब पल्ला आठवडाभर तरी नको. घड्याळातला वेग विसरा, नाडी धरून धावा, दमट हवेत त्याच नाडीला किलोमीटरमागे अर्धा-एक मिनिट जास्त लागणारच. अंग हवेला सरावायला सात ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी पहिल्या तीन ते पाच दिवसांत वाढतं, घाम लवकर आणि जास्त यायला त्याहून वेळ लागतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हात तयार झालेल्या धावपटूलाही मुंबईत आठवडाभर द्यावाच लागतो. आठवडाभर एसी जिममध्ये पळलात तर हा सराव उतरायला लागतो, तीन-चार आठवड्यांत बहुतेक गेलेला असतो.

त्रास पुन्हा झाला तर हवेला दोष देण्याआधी औषधांचा डबा तपासा. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या अँटीहिस्टामिन गोळ्या, काही मानसोपचाराची औषधं घाम किंवा रक्ताभिसरण बदलतात. औषध स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. त्या आठवड्यात जुलाब, ताप किंवा रात्रीची जागरणं झाली होती का, हेही त्यांना सांगा.