सातच्या पोटातली रेघ

श्रावणातला रविवार, रात्र

पोथी ठेवायचं व्यासपीठ झालं. उद्या सोमवार, उद्यापासून आईची पोथी त्याच्यावर. उभं राहतं, डुगडुगत नाही, पोथी उघडून ठेवली तर पानं निवांत पडून राहतात. तरी मी सकाळपासून एका आकड्यामागे लागले आहे. तो आता कुठेच नाही.

फळी माळ्यावरची. परसातला फणस पडला त्या वर्षीच्या फळ्यांतली शेवटची. बाबांनी भिंतीला लावून उभी केली होती, तशीच होती. काल खाली आणून पुसली तेव्हा एका अंगाला पेन्सिलची आडवी रेघ दिसली आणि शेजारी ३७. इंग्रजी आकडे, आणि सातच्या पोटात आडवी दांडी. पोर्तुगीज शाळेत बसलेली माणसं काढायची तसा सात. मी पाहिलं, हे नक्की आठवतं. पाहिलं आणि रंधा लावला.

फणसाचं लाकूड जुनं झालं की वरून तपकिरी, जवळजवळ काळपट होतं. रंध्याचा पहिला हात फिरला आणि खालून हळदीसारखा पिवळा रंग आला. मी हरखले. दुसरा हात, तिसरा हात. त्या पिवळ्याच्या नादात ३७ कधी गेला ते कळलंही नाही. काल दुपारीच जेवताना, भात कालवता कालवता एकदम आठवलं.

उठून पडवीत गेले. रेघ लाकडात नसली तरी सालपटीवर असणार, पहिल्याच पातळ सालपटीवर. पडवी स्वच्छ झाडलेली. आईनं सगळ्या सालपटी न्हाणीतल्या चुलीत घातल्या होत्या. संध्याकाळी म्हणाली, "बाय, आज पाणी किती लवकर तापलं." मी काही बोलले नाही.

दादाला विचारता आलं असतं. फळ्या कापून आणल्या तेव्हा तो बाबांबरोबर होता. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आधी घराचा विषय निघेल, मग फणसाचा.

सदतीस काय होतं? सेंटिमीटरच असणार, बाबा इंच वापरत नसत. मी फळीचे तुकडे केले चौदा-चौदा इंचांचे, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर. त्यांच्या रेघेच्या अलीकडेच कापली. त्यांनाही व्यासपीठच करायचं होतं का? हा विचार रात्रीपासून दहा वेळा आला. खरं असतं तर किती बरं वाटलं असतं, म्हणूनच मी त्याला धरून ठेवत नाही.

कामात गुंतले तेवढा वेळ बरा गेला. एका फळीला मधोमध खिडकी पाडायची. दुसरीचा खालचा अर्धा भाग दोन्ही कडांनी कापून जीभ ठेवायची. जीभ खिडकीतून खाली जाते आणि खांद्यांवर अडते. खिळा नाही, बिजागरी नाही. वाचायला काटकोनापेक्षा जरा जास्त उघडलेलं बरं, म्हणून फळी तिरकी शिरते. मग खिडकी नुसती जाडीएवढी पुरत नाही, तिच्या दोन कडा पटाशीनं उतरत्या तासाव्या लागतात. आणि हे पावसाचे दिवस. लाकूड लांबीत फारसं फुगत नाही, पण जाडीत आणि रुंदीत फुगतं. आज घट्ट बसलेली जीभ एप्रिलात थोडी खेळणार. खालच्या कडेला पोथी टेकायला अर्ध्या इंचाची पट्टी लावली. पटाशी त्यांचीच. धार अजून आहे. मूठ माझ्या हाताला मोठी पडते.

दुपारनंतर राहवेना. टेप घेऊन घरभर हिंडले. सदतीस सेंटिमीटरचं काय आहे या घरात? देवघरातला कोनाडा एकेचाळीस. जिन्याखालची जागा बावन्न. स्वयंपाकघरातल्या खिडकीची फळी तेहतीस. ट्रंक, आरसा, दारापुढच्या ओट्याची, म्हणजे बलकांवाची बैठक, सगळं मोजलं. आई विचारत राहिली, काय हरवलंय. पेन्सिल म्हणाले.

सदतीस कुठे सापडला नाही. पण सात सापडले. पंपाच्या पेटीत आतल्या बाजूला ऑइल घातल्याची तारीख, त्यात दोन सात. मीटरच्या लाकडी बोर्डावर एक. तांदळाच्या डब्याच्या झाकणाखाली किलो लिहिलेले, तिथे एक. वीजबिलांच्या फाइलवर तर ओळीनं. सगळ्यांच्या पोटात दांडी, किंचित वर चढलेली, शेवटी पेन्सिल उचलताना आलेलं शेपूट. इतकी वर्षं त्या डब्यातून तांदूळ काढतेय मी. झाकण उलटं ठेवूनच मापते. कधी वाचलं नव्हतं.

मग पडवीत येऊन बसले. पाऊस लागला होता. आतलं सकाळपासूनचं आवळलेलं काहीतरी जरा सैल झालं. फळी माळ्यावर किती वर्षं उभी होती. आणखी दहा वर्षं रेघेसकट उभी राहिली असती आणि आई मांडीवर पोथी घेऊन, मान खाली घालून वाचत राहिली असती. तिची मान दुखते म्हणून तर मी माळ्यावर चढले.

व्यासपीठाच्या मागच्या बाजूंना रंधा लावला नाही. त्या अजून काळपट आहेत, एकीवर गाठ आहे. त्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं, मी बॅटरी लावून दोनदा पाहिलं. पॉलिशही फक्त पुढे करीन, मागे नाही.

आईनं निजायच्या आधी पोथी ठेवून पाहिली. पिवळ्या लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्यांचा फणस ना हा?"

हो, म्हटलं. चुलीचं अजून सांगितलेलं नाही.