म्हशीचा खर्च कुठल्या रकान्यात?

घरोघरचा आरोग्यखर्च नोंदवून घेणं हे माझं काम. एका संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणात बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतली काही गावं माझ्याकडे होती. प्रश्नावली टॅबवर, कन्नड आणि इंग्रजीत. बोलणं सगळं मराठीतून. साचा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणासारखाच. मागच्या ३६५ दिवसांत घरातलं कोणी ॲडमिट झालं होतं का, मागच्या १५ दिवसांत कोणाला काही दुखलंखुपलं का, डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण. आणि शेवटी, हा पैसा उभा कुठून केला: शिलकीतून, कर्ज काढून, काही विकून, की पाहुण्यांकडून.

इतकं खोदून विचारायचं कारण सरळ आहे. घराच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा उपचारावर गेला, की ते घर आपत्तीजनक खर्चाच्या यादीत जातं. शून्य खर्चाचं घर सुरक्षित. अर्थव्यवस्था वाढतेय तर लोकांच्या खिशावरचा भार कमी होतोय का, हे अशाच आकड्यांवरून सांगतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे, यात वाद नाही.

त्या दिवशी पाऊस धरून होता आणि गाव रोपलावणीला गेलेलं. चंदगडच्या बाजूला, हद्दीलगतचं गाव. नाव सांगत नाही. भाताच्या दिवसांत दुपारी कोणी घरी सापडत नाही, म्हणून आम्ही दिवेलागणीला शिरलो. यादीतलं घर एका साठीच्या काकींचं. आमची इन्व्हेस्टिगेटर मुलगी भराभर विचारत गेली. ॲडमिट? न्हाई. पंधरा दिवसांत आजार? न्हाई. जुनं काही दुखणं? न्हाई बाई, सगळं बरं हाय. दहा मिनिटांत आरोग्याचा भाग संपला. दिवसभर भिजलेल्या पोरीला असं घर मिळालं की बरं वाटतं, मलाही वाटतं.

शेती-जनावरांच्या खर्चावर आलो तेव्हा काकी मोकळ्या झाल्या. महिन्यापूर्वी म्हैस व्याली आणि तिसऱ्या दिवशी खाली बसली ती उठेना. रात्री अकराला जनावरांच्या डॉक्टरला फोन, त्यांनी येऊन शिरेतून कॅल्शियमच्या बाटल्या लावल्या. फी, औषधं, गाडीभाडं धरून बावीसशे रुपये, तिथल्या तिथे रोख. सकाळी म्हैस उभी राहिली.

एवढ्यात काका गोठ्यातून आले. धोतरावरून जांघेशी हात दाबून, एक पाय ओढत. मी विचारलं, "काकांना काय होतंय?"

"अंडवृद्धी हाय न्हवं," काकी म्हणाल्या, जणू उंची सांगावी तसं. "चार वर्सं झाली. डॉक्टर म्हनालेत आप्रेशन करा."

मग आजार नाही असं का सांगितलं? "ते दुखनं कुठं? ते हायच की."

इथे अमर्त्य सेन यांनी दाखवलेली गोष्ट आठवलीच. भारतात आजार सर्वांत जास्त सांगणारं राज्य केरळ, जिथे आयुर्मान सर्वांत जास्त; आणि बिहारमध्ये लोक त्या मानाने फार कमी आजार सांगतात. जिथे दवाखाना आवाक्यात, तिथे माणूस दुखण्याला दुखणं म्हणायला लागतो. वाचताना हे पटतं. समोर जांघेत हात घालून माणूस चहाची कपबशी घेऊन उभा असला की जास्त पटतं.

मला वाटलं, पैशाची अडचण असेल. पण कार्ड होतं. कर्नाटकाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. शिवाय २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा त्यावरून दोन्हीकडे बरंच राजकारण तापलं होतं. गोव्यात कामाला असलेल्या मुलाने त्याही योजनेची कागदपत्रं काढून ठेवलेली. ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढून काकींनी दोन्ही बाजूंची सरकारं माझ्या पुढ्यात मांडली.

"आप्रेशन फुकट हाय, खरं," त्या म्हणाल्या. "बरोबर जायला कोन हाय?"

आणि मग त्यांनी हिशोब सांगितला. दवाखान्यात आठवडा म्हणजे त्यांच्या सात दिवसांच्या रोजगारावर पाणी, तेही लावणीत, जेव्हा रोज सर्वांत चढा असतो. म्हशीची धार काढायला माणूस नाही. दुसऱ्याच्या हाताला ती पान्हा सोडत नाही, म्हणजे डेअरीचं बिल बुडालं. मुलगा आला तर त्याचा पगार कापला. घरी आल्यावर काकांनी दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, मग शेताचं काम मजुरीने. बेरीज त्यांनी बोटांवर केली. ती आमच्या १० टक्क्यांच्या रेषेच्या कुठच्या कुठे वर गेली.

म्हशीवर त्याच रात्री बावीसशे आणि नवऱ्यावर चार वर्षांत शून्य, हे शहरात ऐकलं तर कुणालाही वाईट दिसेल. मला अर्थतज्ज्ञ मायकेल ग्रॉसमन आठवला. त्याने १९७२ मध्ये आरोग्य हे भांडवल आहे असं मांडलं: माणूस त्यात गुंतवतो, ते झिजतं, आणि गुंतवताना त्याला स्वतःच्या वेळेची किंमतही मोजावी लागते. काकींनी हेच केलं होतं. म्हैस आठवड्याला रोख देते आणि तिच्यासाठी डॉक्टर दारात येतो. काका कसेबसे चालताहेत, आणि त्यांच्यासाठी घरच उठून जावं लागतं. अडाणीपणा, समजावून सांगण्याची गरज, जनजागृती असले शब्द अहवालांत फार असतात. त्या ओसरीवर त्यांचा काही उपयोग नव्हता.

याच उत्तर कर्नाटकात, कलबुर्गी आणि बेळगाव विभागांत, २०१० पासून वाजपेयी आरोग्यश्री ही गरीब घरांसाठीची मोफत उपचारांची योजना आली होती. तिचं मूल्यमापन २०१४ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे. योजना मिळालेली गावं आणि हद्दीपलीकडची न मिळालेली गावं शेजारी धरून तुलना केली. योजनेत येणाऱ्या आजारांचे मृत्यू गरीब घरांत बरेच कमी दिसले, इस्पितळासाठी खिशातून जाणारा खर्चही घटला. मला त्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच बाब: ग्रामीण भागात शिबिरं भरवून रुग्ण हेरले जात, पुढे शहरातल्या इस्पितळात पाठवले जात. म्हणजे कार्डासोबत बोलावणंही दारात येत होतं.

अर्ज परत उघडला. दुखणं नोंदवलं. उपचार का घेतला नाही, याला पर्याय होते: आजार गंभीर वाटला नाही, दवाखाना जवळ नाही, पैशाची अडचण, इतर. काकी पहिल्याला "होय" म्हणाल्या असत्या, तिसऱ्यालाही. मी "इतर" निवडलं आणि शेऱ्याच्या चौकटीत मावेल तेवढं लिहिलं. आशा ताईंना वाटेतच गाठून सांगितलं. त्यांना माहीत होतं. काका सुगीनंतर बघू म्हणतात, दरवर्षीच म्हणतात.

आठवड्याने मुख्य कार्यालयातून शंकांची यादी आली. त्यात हे घर होतं. शेती-जनावरांच्या खर्चात पशुवैद्याचे २,२०० रुपये दिसतात, घरातल्या माणसांचा औषधखर्च शून्य. एक शून्य जास्त पडलंय का, तपासा. मी आकडा बरोबर असल्याचं कळवलं, आणि तपासायचंच असेल तर दुसरं शून्य तपासा असंही लिहिलं. यावर विचारणा आली, की "इतर" हे उत्तर माझ्या गावांतून एवढं जास्त का येतंय.