डिस्क एक आणि पुन्हा डिस्क एक

आई खालच्या मजल्यावर भिशीला गेली, जाताना चपला घालता घालता सांगून गेली की बटाटे लावलेत, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, नाहीतर पार पीठ होतं त्यांचं. मी हो म्हटलं. माझ्या मांडीवर तेव्हा टीव्हीखालचा अख्खा खण होता, कारण दिवाळीच्या आधी हे एक काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, आणि त्या खणात तीन मेलेले रिमोट, एका कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक (कॅमेरा कधीच गेला), आजोबांचा एका काडीचा चष्मा आणि सगळ्यात तळाशी एक व्हीसीडी. 'डरना मना है'. डबीला तडा गेलेला, कव्हर उडून निळसर पडलेलं. घरात आता ती लावायला काहीच नाहीये, तरी मी ती उघडून आरशासारखी तोंडासमोर धरून बसले.

2003 चा सिनेमा. प्रवाल रामनचा, रामगोपाल वर्माच्या फॅक्टरीतून आलेला. पोरंपोरी जंगलात अडकतात, गाडी बंद, मग वेळ जावा म्हणून एकेक जण भुताची गोष्ट सांगतो, अशा सहा गोष्टी. आमच्या कॉलनीतली सीडी लायब्ररी बंद पडली तेव्हा मालकानं सगळा माल वीस वीस रुपयांना काढला होता आणि मी खाऊच्या पैशातून ही घेतली, आई म्हणाली काहीतरी चांगलं तरी घ्यायचंस.

रविवारी सगळ्यांनी मिळून लावली. सगळ्यांनी म्हणजे मी, दादा, शेजारचे दोघं आणि 'हे काय भिकार बघताय' असं म्हणत मागे उभे राहून पूर्ण बघणारे बाबा. सैफ अली खानची गोष्ट लागली, आडबाजूच्या हॉटेलात मुक्कामाला आलेला माणूस आणि सिगारेट ओढणाऱ्यांना सुधारायचा ध्यास घेतलेला तिथला मालक, बोमन इराणी. तो ज्या थंडपणे समजावतो ना! बाबा हळूच गॅलरीत सटकले ते नेहमीप्रमाणे, पण दोनच मिनिटांत परत आले. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाले डास आहेत.

तिसरी गोष्ट संपली, डिस्क संपली. दुसरी घातली. तिच्यावर मार्करनं मोठा 2 लिहिलेला. आणि गाडी पुन्हा बंद पडली. तीच पोरं, तेच जंगल, तीच पहिली गोष्ट. लायब्ररीवाल्यानं दोन्ही खोबणींत डिस्क एकच कोंबली होती, आणि दुकान तर बंद, भांडणार कोणाशी. शेजारचा पोरगा रडायला लागला, त्याला वाटलं आता हे असंच चालू राहणार.

आत्ता पहिली शिट्टी झाली.

तर त्या पोराला जे वाटलं ते काही वेडगळ नव्हतं हे मला फार पुढे कळलं, कॉलेजात, 'डेड ऑफ नाइट' बघताना. 1945 चा ब्रिटिश सिनेमा, ईलिंग स्टुडिओचा, चार दिग्दर्शकांनी मिळून केलेला. एक आर्किटेक्ट खेड्यातल्या एका घरी येतो आणि म्हणतो, मी तुम्हा सगळ्यांना स्वप्नात पाहिलंय, वारंवार. मग बसलेले लोक आपापल्या विचित्र गोष्टी सांगतात, त्यात मायकेल रेडग्रेव्हची बोलक्या बाहुल्यावाली गोष्ट आहे, ती बघून मी शब्दभ्रमाचे कार्यक्रम कायमचे सोडले. आणि शेवटी सगळं कडेलोटाला जातं, तो दचकून जागा होतो, हुश्श, फोन वाजतो, कामाचं बोलावणं येतं, तो गाडी काढून निघतो आणि त्याच घरी पोचतो. डिस्क एक.

याच्यापुढची गंमत अशी की हा सिनेमा फ्रेड हॉइल, हर्मन बोंडी आणि थॉमस गोल्ड या तीन शास्त्रज्ञांनी पाहिला, आणि त्यावरून गोल्डच्या डोक्यात आलं की विश्वच असं असलं तर, ना सुरुवात ना शेवट. त्यातून 1948 साली स्थिर स्थितीचा सिद्धांत आला, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. म्हणजे आपले जयंत नारळीकर केंब्रिजला ज्या हॉइलचे विद्यार्थी झाले आणि ज्याच्या बाजूनं पुढे आयुष्यभर महास्फोटवाल्यांशी वाद घालत राहिले, त्या सगळ्याच्या मुळाशी एक भुताचा सिनेमा! आणि नारळीकर तर ज्योतिषाचीही आकडेवारीनिशी परीक्षा घेणारे. मला हे इतकं आवडतं की मी लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसालाही सांगते, तो जिलबी मागतो.

दोन झाल्या वाटतं. हो, दोन.

मला सलग दोन-अडीच तासांचा भुताचा सिनेमा झेपत नाही, पण भीतीमुळे नव्हे, इंटरव्हलनंतरच्या कंटाळ्यामुळे. तिथे हमखास एक मांत्रिक नाहीतर पाद्री नाहीतर म्हातारा रखवालदार येतो आणि सांगत बसतो की सत्तर वर्षांपूर्वी या वाड्यात काय झालं होतं. एकदा कारण कळलं की भूत म्हणजे तलाठ्याकडची तक्रार होते, कागद पूर्ण करा, निकाली काढा. छोट्या गोष्टीत हे सांगायला वेळच नसतो. वीस मिनिटं, काहीतरी वाईट होतं, का झालं कोणी विचारत नाही, पुढचा. आणि मधे जो श्वास घ्यायला वेळ मिळतो, बाथरूमला जाऊन यायचं की नाही हे ठरवायचा (एकटीनं नाही, दादा दाराशी उभा राहून गाणं म्हणणार ही अट), तो वेळ मला गोष्टींपेक्षा जास्त आवडतो. म्हणून नेटफ्लिक्सवर 2020 च्या 1 जानेवारीला चार मोठ्या दिग्दर्शकांच्या भूतकथा एकत्र आल्या त्या मी बघितल्या खऱ्या, पण त्यात कोणी कोणाला सांगतच नाही, चारही गोष्टी बसस्टॉपवर उभ्या राहिल्यासारख्या एकीमागे एक. चालायचं. मी ते धरत नाही.

सांगणारा हवा. ऐकणारा हवा. आणि ऐकणाऱ्याचं काही खरं नाही हे हवं.

ब्रिटनमधल्या ॲमिकस कंपनीनं तर साठ-सत्तरच्या दशकांत यावरच दुकान चालवलं. 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स', 1965. रेल्वेच्या डब्यात पाच जण बसलेत, सहावा पीटर कुशिंग, तो पत्ते काढून एकेकाचं भविष्य सांगतो, सगळ्यांची भविष्यं भयंकर, आणि शेवटी कळतं की गाडीला अपघात झालाय आणि हे पाचही जण मेलेलेच आहेत. आता हेच कोकण रेल्वेत करून दाखवा. कुशिंगनं पत्ते काढायच्या आत कोणीतरी पोळी-भाजीचा डबा उघडणार, कोणीतरी त्याला विचारणार आडनाव काय, गाव कुठलं, म्हणजे आमच्या अमक्यांच्या भावकीतले का, आणि मग पनवेल ते खेड तोच ऐकत बसणार.

तसं बघायला गेलं तर हे सगळं वेताळानं आधीच करून ठेवलंय, तेही खांद्यावर बसून. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात ती पंचविशी आहे, मी मात्र दूरदर्शनच्या विक्रम-वेतालवर वाढलेल्या काकाकडून ऐकली, तो मला पाठुंगळीला घेऊन जिना चढायचा आणि 'तू बोला और मैं चला' म्हणून पहिल्या पायरीवर परत आणायचा. त्यात खरी भीती त्या कोड्यांमध्ये नाहीच. राजाला ज्यानं हे काम सांगितलंय तो जोगीच त्याचा बळी द्यायला टपलाय, आणि हे सगळ्या गोष्टी झाल्यावर, राजाला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तेव्हा, वेताळच त्याला सांगतो. मधल्या एक-दोन गोष्टी गाळल्या तरी चालेल, कडेची ती एक नको गाळायला.

आणि गाळतातच लोक. ही माझी जुनी चीड आहे. 'डेड ऑफ नाइट' अमेरिकेत गेला तर दोन गोष्टी उडवल्या, त्यातली एक ती दोन गोल्फवाल्यांची, जी मुद्दाम हलकी ठेवली होती, आणि मग शेवटी जिथे सगळ्या गोष्टींची खिचडी होते तिथे प्रेक्षक विचारणार हे कोण आले मधेच. कोबायाशीचा 'क्वायदान', चार जपानी गोष्टी, तीन तासांचा, त्यातून बर्फातल्या बाईची गोष्ट काढून परदेशी पाठवला. त्यात तो आंधळा होइची आहे, बीवा वाजवणारा, त्याच्या सगळ्या अंगावर भुतांपासून बचाव म्हणून मंत्र लिहितात आणि कानांवर लिहायचं राहतं, मग भूत येतं, त्याला फक्त कान दिसतात, ते घेऊन जातं. सत्यजित रायांच्या 'तीन कन्या'मधून (1961) तर नेमकी मधली भुताचीच, 'मणिहारा', परदेशात काढून टाकली आणि नाव ठेवलं दोन कन्या. निदान मोजून नाव तरी बदललं. कांद्याच्या माळेतून एक कांदा काढला तर माळ तुटत नाही, पण म्हणून काढायचाच का.

माझ्या डिस्क दोनचं असंच झालं, म्हणजे अर्ध्या गोष्टी कापलेल्याच. त्या पुऱ्या केल्या मावसबहिणीनं. त्याच वर्षी मे महिन्यात चिपळूणला मामाकडे होतो सगळे, रात्री जेवायच्या वेळेला नेमके लाइट जायचे, लोडशेडिंगचा टाइम ठरलेला असूनही मामा रोज नव्यानं शिव्या द्यायचा, आणि आम्ही ओट्यावर. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आणि तिनं हा सिनेमा पुण्याला थेटरात पाहिलेला. तिनं सांगितली सफरचंदांची, खाणारी माणसंच सफरचंदं होतात ती, ऐकताना मी हसले आणि मग मामीनं फणस फोडला तर गरे खाईना. मग सांगितली नाना पाटेकरला गाडीत घेतात ती, नानाच्या आवाजात. आणि तिसरी कुकरची.

कुकरची अशी होती की एक मुलगी नोकरीसाठी नव्या शहरात खोली घेते. शेजारच्या फ्लॅटला कुलूप. पण रोज रात्री तीन वाजता तिथून कुकरच्या शिट्ट्या येतात. एक, दोन, तीन, बंद. ती घाबरते, मग सवय होते, मग तर त्या शिट्ट्यांशिवाय झोप पूर्ण होईना. आणि एका रात्री एक, दोन, तीन आणि चौथी. ती पडल्या पडल्या वाट बघते. पाचवी. आणि मग तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून कोणीतरी कंटाळलेल्या आवाजात म्हणतं, अगं, बंद कर की.

बस, एवढीच. का, कोण, काही नाही. मी त्या रात्री मामीच्या पदराचं टोक धरून झोपले आणि आजही कोणाच्या घरी चौथी शिट्टी झाली की माझा घास थांबतो. सगळ्या सिनेमात मला तीच आवडते असं मी इतकी वर्षं सांगत आलेय, न बघता.

तर आज खण मांडीवर, डिस्क हातात, म्हटलं बघूया तरी ती कुकरवाली कोणी केलीय, हिरॉईन कोण. फोनवर सहा गोष्टींची यादी काढली. सफरचंदं आहेत. नाना आहे, विवेक ओबेरॉयबरोबर. आफताब शिवदासानीची एक आहे, बोट दाखवून माणसं थिजवणाऱ्या पोराची, ती ताईनं सांगितलीच नव्हती. कुकर नाही. दुसऱ्या भागात असेल म्हणून 'डरना जरूरी है' पण बघितला. नाही.

मला इतका आनंद झाला, म्हटलं ही बया आठवी-दहावीच्या वयात लोडशेडिंगमध्ये बसून गोष्ट रचते आणि सिनेमाच्या नावावर खपवते, आणि आता बँकेत कर्जाच्या फायली तपासते! लगेच व्हॉट्सॲप केलं, कुकरची गोष्ट तू बनवली होतीस ना, खरं सांग. जेवणाची सुट्टी असावी, लगेच टायपिंग आलं.

"अगं कुकरची तू सांगितली होतीस. मी रडले होते आणि मामी तुला ओरडली होती."

आणि मागून दुसरा. "आणि मी कुठे बघितलाय तो पिक्चर, मला आईनं पाठवलं असतं का थेटरात."

मी लिहिलं, मग नानाचा आवाज कोणी काढला. तिनं हसणारे चार चेहरे पाठवले आणि मग मीटिंग म्हणून गायब.

मी ओटा आठवायचा प्रयत्न केला. कंदील आठवतो, फणसाचा वास आठवतो, मामाच्या शिव्या शब्दशः आठवतात. सांगणारीचं तोंड मात्र अंधारात आहे, आवाजही आता धड कोणाचा म्हणून ओळखू येत नाही, माझा असेल तर मला तो बाहेरून कसा ऐकू येतोय हेही कळत नाही. डिस्क दोन, म्हणजे डिस्क एक, डबीत ठेवली आणि डबी पुन्हा खणात. यावर्षीही तिला काही टाकवलं नाही.

लॅच उघडल्याचा आवाज झाला. भिशी लागली नसणार, आईचा आवाज तसाच होता. दारातूनच विचारलं, किती झाल्या गं?

मी ठोकून दिलं, तीन.