सूर्य खरंच थांबला होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही. "बायबलमध्ये लिहिलंय ते तुम्ही ख्रिस्ती लोक अक्षरशः खरं मानता का?" हा प्रश्न मला दोन टोकांकडून येतो. एकीकडे स्टाफरूममधले जुने सहकारी. सहा दिवसांत सृष्टी, माशाच्या पोटात माणूस, आकाशात थांबलेला सूर्य, अशी यादी त्यांच्या जिभेवर तयार असते आणि आवाजात 'सापडलात' असा सूर. दुसरीकडे आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुलं, यूट्यूबवर उपदेश ऐकून आलेली. त्यांचा सूर परीक्षकाचा: "बाई, तुम्ही मानता ना?" दोघांनाही 'हो'च ऐकायचं असतं, एकाला हसण्यासाठी, दुसऱ्याला माझा विश्वास शाबूत आहे याची खात्री करून घेण्यासाठी. माझं उत्तर 'सगळं अक्षरशः नाही' असं आहे. पण एका ठिकाणी मी अक्षरशःच मानते आणि तिथून हलत नाही. दोघांचाही हिरमोड होतो.

बायबलचं पहिलंच पुस्तक उत्पत्तीचं. त्याचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग मासे आणि पाखरं, मग जनावरं आणि सरतेशेवटी माणूस, नर आणि नारी एकदमच. दुसऱ्या अध्यायात पुरुष आधी, बाग त्याच्यानंतर, जनावरं त्याच्यानंतर आणि बाई सगळ्यांत शेवटी. पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या. ज्यांनी हे दोन वृत्तांत एकापाठोपाठ ठेवले त्यांना ही विसंगती दिसली नसेल, असं मानायला मी तयार नाही. ती त्यांना दिसली आणि खटकली नाही, कारण क्रम सांगायला ते बसलेच नव्हते.

हे आधुनिक विज्ञानाला घाबरून सुचलेलं शहाणपण आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताकडे जावं. सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस झाला असं कोणता समजूतदार माणूस मानेल, आणि देवाने शेतकऱ्यासारखी झाडं लावली असं कोण म्हणेल, असं त्याने सरळ विचारलंय. ओरिजेनची काही मतं पुढे चर्चने नाकारली, म्हणून तो नको म्हणत असाल तर संत ऑगस्टीन घ्या. त्याला तर कुणी बाहेर काढलेलं नाही. तरुणपणी जुना करार अक्षरशः वाचून तो वैतागला होता. मिलानमध्ये बिशप अँब्रोजचे उपदेश ऐकल्यावर त्याला वाचायची दुसरी रीत सापडली. पुढे उत्पत्तीवर लिहिताना त्याने बजावलं की तारे, ऋतू, प्राणी यांबद्दल ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे अशांपुढे ख्रिस्ती माणसाने शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, नाव घेऊन भलतंसलतं बोलू नये. हसं त्या माणसाचं एकट्याचं होत नाही. ऐकणारे म्हणतात, यांचं शास्त्र ज्या गोष्टी आम्हाला ठाऊक आहेत त्यांतच चुकतंय, तर पुनरुत्थानाबद्दल यांचं काय म्हणून ऐकायचं?

आपल्याकडे या प्रश्नाला एक वेगळीच कड आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेले मिशनरी पुराणांतला मेरू पर्वत, दुधाचे आणि तुपाचे समुद्र भूगोलाच्या पुस्तकाशी ताडून दाखवायचे आणि विचारायचे, हे खरं कसं? १८३० च्या दशकात मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचे वाद झाले. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. दुसऱ्याच्या ग्रंथाला फूटपट्टी लावली की ती आपल्याही ग्रंथाला लागणार, हे त्या मंडळींच्या लक्षात यायला वेळ लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांताचा बिशप कोलेन्सो झुलू भाषेत भाषांतर करत असताना विल्यम एनगिडी या त्याच्या झुलू सहकाऱ्याने नोहाच्या जलप्रलयाबद्दल त्याला विचारलं, "हे सगळं खरंच घडलं का?" कोलेन्सोला 'हो' म्हणवेना. १८६२ पासून त्याने मोशेच्या पुस्तकांची (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची) चिकित्सा छापायला सुरुवात केली आणि इंग्लंडपर्यंत गदारोळ झाला. धर्म सांगायला गेलेल्याला ज्याला धर्म सांगितला त्याने विचारलेला हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या नगरचंही एक उदाहरण आहे. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे अमेरिकन मराठी मिशनचे, मुंबईत जन्मलेले, आयुष्य नगरला घालवलेले. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना, ज्यांच्या कानी शुभवर्तमान पडलंच नाही त्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, या मताच्या बाजूने ते बोलले. मिशनच्या बोर्डाने त्यांना परत पाठवणं रोखून धरलं. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. न्यू इंग्लंडमधल्या खोलीत बसून 'न ऐकलेले सगळे नरकात' हे वाक्य लिहिणं सोपं. पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर जगून मेलेल्यांची मुलंबाळं समोर बसलेली असताना ते उच्चारणं वेगळं. माझे खापरपणजोबा त्याच समोर बसलेल्यांच्या वस्तीतले.

मग सगळं अक्षरशः मानण्याचा हा आग्रह आला कुठून? सगळा नवा नाही. आयर्लंडमधल्या आर्माचा आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० मध्ये वंशावळ्यांतली वयं मोजून सृष्टीची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ सालच्या ऑक्टोबरात नेऊन ठेवली होती. पण आज जो ताठर आग्रह आमच्या प्रार्थना सभांत ऐकू येतो त्याचं गाव मुख्यतः अमेरिका. १९१० ते १९१५ या काळात तिथे 'मूलतत्त्वं' अशा अर्थाच्या नावाने बारा पुस्तिका निघाल्या आणि फुकट वाटल्या गेल्या. पैसा लायमन आणि मिल्टन स्टुअर्ट या तेलवाल्या भावांचा. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या मास्तरवर खटला झाला. बायबलच्या बाजूने उभे असलेले राजकारणी ब्रायन यांना स्कोप्सचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी साक्षीला बोलावलं, आणि उलटतपासणीत खुद्द ब्रायन म्हणाले की सृष्टीचे ते दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही. १९७८ मध्ये शिकागोत इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, पुढाऱ्यांनी बायबल निर्दोष असल्याचं जाहीरनामा काढून सांगितलं. त्यातसुद्धा काव्य काव्य म्हणून, रूपक रूपक म्हणून वाचावं, असं आहेच. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हेच अधिक मोकळेपणाने मांडलं. एवढं सगळं मुलांना सांगितलं की ती म्हणतात, "पण पास्टर तसं म्हणत नाहीत." म्हणत नसतील.

थांबलेल्या सूर्याचं थोडक्यात. जुन्या करारातल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात "सूर्या, गिबोनावर स्थिर हो" या ओळी आहेत आणि त्या याशाराच्या ग्रंथातून घेतल्या आहेत असं तिथेच लिहिलंय. म्हणजे लढाईच्या हकिकतीत उद्धृत केलेलं जुनं गीत. या गीताचं खगोलशास्त्र करून १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसवलं. चूक झाली, हे रोमने १९९२ मध्ये मान्य केलं.

माशाच्या पोटात गेलेला तो माणूस म्हणजे योना संदेष्टा. त्याच्या माशाला चार अध्यायांत मोजून तीन ओव्या मिळाल्यात, बाकी सगळी गोष्ट निनवेची. निनवे ही अश्शूरची राजधानी. याच अश्शूरने उत्तरेचं इस्राएल राज्य बुडवलं. अशा शत्रूच्या शहराला देव क्षमा करतो म्हणून संदेष्टा फुगून बसतो. पश्चात्तापाचं गोणपाट गुराढोरांनाही नेसवलेलं आहे. लिहिणारा हसत लिहितोय हे कळायला काही पदवी लागत नाही. स्टाफरूममध्ये दरवर्षी वारीला जाणारे एक सर होते. त्यांनी मला माशाचं कधी विचारलं नाही आणि मी त्यांना आळंदीच्या भिंतीचं विचारलं नाही. गोष्ट कशासाठी सांगितलीय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

इथवर सोपं आहे. मासा आणि सूर्य यांनी माझी झोप कधी उडवली नाही. उडवली ती जुन्या करारातल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाने. इस्राएलच्या शौल राजाला देवाचा हुकूम मिळतो: अमालेकी या शत्रू टोळीचा नाश कर, पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, मेंढरं, उंट, गाढवं, काही ठेवू नको. शौल अमालेक्यांच्या राजाला आणि चांगल्या जनावरांना जिवंत ठेवतो, म्हणून देव त्याच्यावर कोपतो. संडेस्कूलच्या पुस्तकांत यातून 'आज्ञापालन' हा धडा काढलेला असतो. तान्ह्या बाळांचं काय, हे तिथे कुणी विचारत नाही.

अभ्यासक इथे थोडी मदत करतात. राजा सोडून सगळे अमालेकी मेले असं पंधरावा अध्याय म्हणतो आणि त्याच पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात अमालेकी येऊन दाविदाचं सिकलाग गाव जाळतात. विजयाची ही भाषा त्या काळी सगळेच वापरायचे. इस्राएलच्या शेजारच्या मवाबाचा राजा मेशा याचा नवव्या शतकातला, ख्रिस्तपूर्व, शिलालेख १८६८ मध्ये सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इस्राएल कायमचा नष्ट झाला असं त्यात कोरलंय. त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व १२०८ च्या सुमारास, मिसरच्या मेरनेप्ताहने इस्राएलचं बी उरलं नाही असं कोरून ठेवलं. राजेलोक असं लिहायचे. ठीक. म्हणजे कत्तल बहुधा तेवढी झाली नव्हती. पण ती झाली असं अभिमानाने लिहिलं आणि देवाच्या नावावर घातलं, हे उरतंच.

इथे 'सगळं प्रतीकात्मक आहे, अमालेकी म्हणजे आपल्यातले दुर्गुण' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जुन्या भाष्यकारांनीही ही पळवाट वापरलीय, मोठमोठ्यांनी. अक्षरशः वाचणारा निदान मजकुराकडे बघतो तरी. हा तर बाळाचा दुर्गुण करून मोकळा होतो. सृष्टीचा एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षांचं युग, असं गणित जुळवणारेही मला याच जातीचे वाटतात. मजकूर काय म्हणतो यापेक्षा आपली सुटका कशी होईल हे त्यांना जास्त महत्त्वाचं.

मग मी काय करते? येशू शास्त्र कसं वाचायचा ते बघते. लूकच्या चौथ्या अध्यायात तो नासरेथच्या सभास्थानात यशयाचं पुस्तक उघडतो, दीनांना शुभवर्तमान, बंदिवानांना सुटका, आणि प्रभूच्या प्रसादाच्या वर्षापर्यंत येऊन गुंडाळी मिटतो. यशयात त्याच वाक्यात पुढे आहे: 'आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस'. तो भाग त्याने वाचला नाही. नंतर त्याच सभेत त्याने परक्या विधवेवर आणि अरामी सरदारावर झालेल्या देवकृपेची आठवण करून दिली. लोक खवळले आणि त्याला कड्यावरून लोटायला निघाले. डोंगरावरच्या प्रवचनात तर 'सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे, मी तर तुम्हाला सांगतो' असं तो उघडच म्हणतो. अमालेक्यांचा अध्याय मी बायबलमधून फाडत नाही. माणसं देवाच्या तोंडी काय काय घालतात याची ती नोंद आहे आणि ती आमच्याच पुस्तकात असलेली बरी. अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्यांकडे पौलाची आणि पेत्राची वचनं तोंडपाठ होती. दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी १८४५ मध्ये त्याच वादातून वेगळी चूल मांडली आणि माफी मागितली १९९५ मध्ये. त्यांच्या मळ्यांतले गुलाम मात्र तेच बायबल मिसरातून सुटलेल्या लोकांची हकिकत म्हणून ऐकत होते.

आता जिथून मी हलत नाही ती जागा. येशू मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. हे मी रूपक म्हणून वाचत नाही, 'शिष्यांच्या मनात तो जिवंत राहिला' असंही नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५५ च्या आसपास, चारही शुभवर्तमानांच्या आधी. त्यात उठलेला येशू ज्यांना दिसला त्यांची, केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब अशी यादी तो देतो आणि पाचशेंतले बहुतेक अजून हयात आहेत, असं जोडतो. गीत असं लिहीत नाहीत, निनवेची गोष्ट अशी सांगत नाहीत. हा माणूस साक्षीदार मोजतोय, आणि ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असंही तोच म्हणतो. स्टाफरूममधला माझा मित्र म्हणतो, "सोयीचं ते खरं, अडचणीचं ते काव्य." मला हे पटत नाही, कारण आजच्या काळात याच्याइतकं अडचणीचं दुसरं काही माझ्याकडे नाही. पुरावा मागितला तर साक्ष तेवढी देऊ शकते, आणि ती त्याला पुरत नाही.

तरुण मुलांची भीती निराळी. एक गोष्ट जुळली नाही तर सगळंच खोटं ठरेल, असं त्यांना शिकवलंय. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी कोण दिसलं हे चार शुभवर्तमानं वेगवेगळं सांगतात: मार्क एक तरुण सांगतो, मत्तय एक देवदूत, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत. बायका किती होत्या यातही एकमत नाही, मग्दालीया मरीया तेवढी चौघांत आहे. हे जुळवून घ्यायची सोय चर्चला फार लवकर मिळाली होती. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या माणसाने चार शुभवर्तमानांची मिळून एक सलग हकिकत केली, न जुळणाऱ्या वंशावळ्या गाळल्या आणि सिरियातल्या मंडळ्यांत ती कित्येक पिढ्या वाचली गेली. पाचव्या शतकात तिथल्याच थिओडोरेट नावाच्या बिशपने तिच्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी पुन्हा चार वेगवेगळी शुभवर्तमानं ठेवली, एक देवदूत की दोन हे तसंच राहू देऊन.