लाल शाईतलं ‘आहे’

तिसऱ्या वर्षाला असताना फौजदारी न्यायव्यवस्थेत इंटर्नशिप करायचं मनाशी पक्कं केलं आणि दीड महिना नुसते अर्ज करत बसले. प्रत्येक अर्जात तेच, ‘मला शिकण्याची संधी द्यावी, ही नम्र विनंती’. एका कार्यालयात आवक क्रमांक तेवढा पडला. तीनदा चौकशीला गेले, तिन्ही वेळा वेगळ्या टेबलाकडे पाठवलं. शेवटी आमच्या सरांनी अर्ज वाचून विचारलं, “यात तू त्यांचं कुठलं काम करणार, ते कुठंय?”

लागलं मनाला. त्या रात्री अर्ज पहिल्यापासून लिहिला. किती आठवडे येईन, कुठले वार, परीक्षा कधी. हाताने लिहिलेली जुनी कागदपत्रं वाचता येतात, मराठीत टिपण काढता येतं, तक्ते करता येतात, आत पाहिलेलं बाहेर बोलणार नाही. सोबत प्राचार्यांचं शिफारसपत्र. हा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दिला आणि आठवड्याभरात बोलावणं आलं. पोलीस ठाणं आणि वकिलाचं ऑफिस यापलीकडे हेही एक दार आहे, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं म्हणून मुद्दाम सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि ते काम इथून चालतं.

मार्च २०२५ मध्ये तुरुंगात पहिल्यांदा गेले. फोन फाटकावर जमा केला, हातात वही आणि पेन. प्राधिकरणाचे वकील सोबत होते. कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या कैद्यांच्या यादीतून सुटकेला पात्र कोण, ते शोधायचं होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम ४७९ नुसार, खटला चालू असताना कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला जामीन मिळतो. पूर्वी कधीच शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण हे कलम त्याआधीच्या खटल्यांनाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं होतं.

एका नावाशी थांबले. भारतीय दंड विधान (भादंवि) कलम ३७९, चोरी, कमाल शिक्षा ३ वर्षं. अटक जानेवारी २०२४. निम्म्याच्या हिशेबाने १८ महिने भरायला हवे होते, एक तृतीयांशाच्या हिशेबाने १२. त्याचे १४ झाले होते. पण शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिलेलं: ‘पूर्वीचा गुन्हा – आहे’. म्हणजे बाद.

वकील पान उलटणार तेवढ्यात मी म्हटलं, “सर, त्यांना एकदा विचारू का?”

तो आला. माझ्याहून फार मोठा नसेल.

“याआधी कधी पकडलं होतं तुम्हाला?”

“हो ताई. महिनाभर आत होतो.”

“मग शिक्षा झाली?”

“साहेब म्हणाले, जा घरी.”

त्याने खिशातून एक कागद काढला. घड्या घालून घालून कापडासारखा मऊ पडलेला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी इतकी वर्षं जपला होता. निकालाचं शेवटचं पान होतं ते. घडीवरची ओळ पार पुसली होती, खालच्या ओळीतले दोन शब्द मात्र नीट लागत होते: निर्दोष मुक्तता.

जा म्हणणारे साहेब न्यायाधीश होते. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला होता, शिक्षा कधीच झाली नव्हती, आणि एका रकान्यात दोन्हीचा अर्थ एकच झाला होता. हात थरथरत होते माझे. वकिलांनी दुसरा कुठला खटला बाकी नाही ना, ते आधी तपासलं. तसा असता तर या कलमाने सुटता आलं नसतं. मग न्यायालयाला अर्ज करण्यासाठी अधीक्षकांकडे टिपण गेलं, ते माझ्या अक्षरात होतं.

“कागद परत द्याल ना, ताई?” त्याने विचारलं. ऑफिसात झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते त्याच घड्यांवर दुमडलं.

बाराव्या दिवशी बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सुटकेचा आदेश झाला. तोवर आमच्या तक्त्यात मी तो रकाना मोडून दोन केले होते, ‘पूर्वी गुन्हा नोंद’ आणि ‘पूर्वी शिक्षा’. उरलेले चार आठवडे तो दुसरा रकाना भरण्यात गेले.