फणसाची दोन बाकडी, आणि "सुतार नाही का मिळाला?"

यंदा मे महिन्यात कोकणात, आंजर्ल्याच्या घरी मी जेवणाच्या टेबलाला दोन लाकडी बाकडी केली. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं: "सुतार नाही का मिळाला?" आत्या तर म्हणाली, "जर्मनीत नोकरी करून रंधा मारायची वेळ आली का गं तुझ्यावर?" प्रेमाने म्हणाली, पण मला ते लागलं. "सुताराच्या पोटावर पाय देतेस" असंही कुणी ऐकवलं. रात्री अंथरुणावर पडूनही मी मनातल्या मनात तिला उत्तर देत होते. ते उत्तर इथे लिहून टाकते.

जर्मनीत, लाइपझिगला आमच्या घरातलं बरंचसं फर्निचर आम्ही हाताने केलंय. ते शक्य झालं एका सोयीमुळे, आणि तिचं कौतुक मला अजून ओसरत नाही. तिकडे घरबांधणीच्या सामानाचं मोठं दुकान असतं, त्यात लाकडाचा वेगळा विभाग. आपण कागदावर मापं लिहून न्यायची. भिंतीला टेकवलेली मोठी उभी करवत असते, तिथला माणूस फळी तिच्यावर चढवतो आणि मिलिमीटरमध्ये माप लावून कापून देतो. पट्ट्या चिकटवून केलेल्या तयार फळ्या असतात, कापल्यावर कडा काटकोनात, चारही तुकडे एकमेकांवर ठेवले तर नखसुद्धा अडकत नाही. बांधकामाचं लाकूड भट्टीत वाळवलेलं, ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे घरी आणून जोडलं की ते पुढे फारसं वेडंवाकडं होत नाही. सुतारकामातला सगळ्यात अवघड भाग, सरळ आणि काटकोनात कापणं, दुकानातच उरकतो. घरी उरतं भोकं पाडणं, स्क्रू पिळणं आणि घासणं. एवढं कुणालाही जमतं. शाळेतली मुलं करतात, सत्तरीतल्या आज्या करतात. बर्लिनमध्ये फान बो ले-मेन्त्सेल नावाचे आर्किटेक्ट आहेत. त्यांनी २०१० च्या सुमारास कमी पैशांत घरी करता येईल अशा फर्निचरचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले, त्यातली एक खुर्ची '२४ युरोची खुर्ची' म्हणूनच ओळखली जाते. स्वतःचं बाकडं स्वतः करणाऱ्याकडे तिकडे कुणी कीव करून बघत नाही.

एकच जाच, रविवार. रविवारी ड्रिल लावायचं नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस, हे १९१९ च्या राज्यघटनेतलं कलम १९४९ च्या घटनेतही तसंच ठेवलंय. त्यामुळे आठवडाभर नोकरी करणाऱ्याला हातात उरतो तो शनिवार.

आंजर्ल्याला लाकूड घरातच होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी लाइपझिगला अडकलेली, विमानं बंद. किनाऱ्यावर वीज नाही, फोन नाही. दापोली-मंडणगडच्या बागांची बातम्यांत दाखवलेली चित्रं बघत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. फोन लागला तेव्हा बाबांनी पहिलं सांगितलं ते परसातल्या फणसाचं. मुळासकट गेला होता. पंचनामा झाल्यावर बाबांनी तो कापवून दीड-दीड इंचाच्या फळ्या काढल्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये रिपा घालून माळ्यावर रचून ठेवल्या. इंचाला वर्ष, असा लाकूड वाळवायचा जुना हिशोब आहे. त्या हिशोबाने त्या कधीच तयार झाल्या होत्या. (वादळाने पाडलेलं झाड वेगळं. उभा फणस किंवा आंबा मालकीच्या जमिनीत असला तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे मुंबईला राहणाऱ्या आपल्या भाऊबंदांनी लक्षात ठेवावं.)

फळ्या रंधून आणि मापात कापून घ्यायला दापोलीच्या बाजूच्या एका सॉ मिलमध्ये गेले. माझी मापांची यादी बघून तिथले दादा म्हणाले, "असं लिहून कोण आणत नाय." पण दिलं कापून, आणि चोख दिलं. म्हणजे यंत्र आपल्याकडेही आहे, हातही आहे. आपण यादी नेत नाही.

मापं देते, कुणाला उपयोगी पडतील. टेबल ३० इंच उंच असेल तर बाकडं १८ इंच. एका माणसाला दोन फूट, म्हणून तिघांना सहा फूट. बैठकीला सात-सात इंचांच्या दोन फळ्या, मध्ये पाव इंच फट. ही फट सोडू नका म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. लाइपझिगला हिवाळ्यात हीटरने खोलीतली हवा कोरडी होऊन फळ्या आकसतात. आपल्याकडे जून लागला की त्या फुगतात, आणि फट नसेल तर एकमेकींना ढकलून मध्ये उचलल्या जातात. त्याच कारणाने स्क्रू खालून, आडपट्टीतून वर मारायचे, आणि आडपट्टीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवायची. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. खाऱ्या हवेत साधे स्क्रू टिकत नाहीत. फणसाचा गाभा टणक असतो, आधी बारीक भोक पाडलं नाही तर फळी चिरते. पाय टोकापासून आठ इंच आत. फार आत घेतले तर टोकाला बसलेल्या माणसासकट बाकडं उलटतं.

शेजारचे काका रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसत. त्यांनी एक फळी बाजूला काढायला लावली. बोटाने कड दाखवली. गाभा हळदीसारखा पिवळा आणि कडेला दोन बोटं रुंदीचा पांढुरका पट्टा. "ह्यात कीड शिरते, ही कड काढून टाक. गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही." ही शिकवण तिकडच्या दुकानात मिळाली नसती. तिथे लाकूड शिक्का मारून येतं, ते कुठल्या झाडाचं कुठलं अंग हे बघायची वेळच येत नाही.

आता सुतार. मी सुतार बोलावला होता! आमच्या वाडीतले सुतारमामा एक दिवस आले, पायांचे सांधे त्यांनी केले. आडव्या दांड्याला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, पायात पटाशीने खाच, आणि आरपार बांबूची खुंटी. एकही स्क्रू नाही. कुसू खाचेत घालण्याआधी त्यांनी ती कडेने किंचित रंधली, घातली, बाहेर काढली, जिथे घासल्याची चकाकी आली होती तेवढंच पुन्हा छाटलं. तिसऱ्यांदा ती हाताने अर्धी गेली आणि उरलेली हातोडीच्या दोन ठोक्यांत. निसर्गमध्ये आमची कौलं उडाली, पण त्यांच्या वडिलांनी जोडलेला वासा-तुळईचा सांगाडा जागचा हलला नाही. जर्मन दुकानातलं कुठलंही यंत्र मला असा सांधा करून देणार नाही, हे मी तिकडच्या मित्रांना अभिमानाने सांगते आणि सांगत राहीन.

म्हणून "सुताराच्या पोटावर पाय" हा आरोप मला मान्य नाही. जे मामांनाच येतं त्याची त्यांना पूर्ण मजुरी दिली. पॉलिश पेपर घासायला त्यांना चार दिवस कशाला बसवायचं? त्यांच्याकडे कामं इतकी आहेत की पावसाआधी तारीख मिळणं मुश्कील होतं. लाकूड घरचं असल्याने रंधाई, कापाई, स्क्रू, तेल आणि मामांची मजुरी धरून दोन्ही बाकडी साडेतीन हजारांच्या आत झाली. पैसे वाचले याची मला लाज वाटत नाही. बाबांच्या पेन्शनवर चालणारं घर आहे ते, आणि मी युरोत कमावते म्हणून तिथे दिखाऊ खर्च करावा असं मला वाटत नाही.

शेवटचं काम तेलाचं. बैठकीला जवसाचं तेल पातळ हाताने, वाळू देऊन पुन्हा, तीनदा. पायांच्या तळाला काजूच्या टरफलांचं तेल, कारण वाळवी चढते ती तिथूनच. हे तेल कातडी भाजतं, हातमोजे घालूनच लावा, आणि बैठकीला चुकूनही लावू नका. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. दर वर्षी पावसाआधी बैठकीला तेलाचा एक हात द्यायचं बाबांनी कबूल केलंय.